अपवादांची वंशावळ

शाळेतला सरीसृपांचा धडा ज्याने लक्ष देऊन वाचला असेल, त्याला त्यातले कंस आठवतील. हृदय तीन कप्प्यांचे असते, आणि कंसात: मगर वगळून. पायांच्या दोन जोड्या असतात, कंसात: साप वगळून. त्या यादीत आपणही भर घालू शकतो. जबड्यात दात असतात, पण कासवाला एकही नसतो. मादी जमिनीवर अंडी घालते, पण कोकणातले फुरसे आणि देशावरची घोणस थेट पिले देतात. यादी लांबत जाते तसे अपवाद वाढतात, आणि सर्वांना सारखे लागू पडेल असे फार थोडे उरते: खवले, फुप्फुसे आणि बाहेरच्या उन्हावर अवलंबून असलेले शरीराचे तापमान.

माझे म्हणणे असे, की हे अपवाद नाहीतच. प्रत्येक कंसात एका वेगळ्या घराण्याची खूण दडलेली आहे. मगरी, कासवे, पाली-सरडे-साप आणि न्यूझीलंडचा तुआतारा ही आज जिवंत असलेली चार घराणी आपण एका वर्गात बसवली ती दिसण्यावरून, आणि त्यांच्यातल्या एकाचे सख्खे नातलग असलेले पक्षी बाहेर ठेवले तेही दिसण्यावरूनच. नात्यावरून पाहिले तर हा वर्ग मोडतो. तो मोडू द्यावा, कारण तो टिकवून धरण्याची किंमत आपल्याला अभ्यासात मोजावी लागते आणि प्राण्यांना जिवाने.

या वर्गाचा जन्मच मुळी घाईचा. १७५८ साली लिनियसने प्राण्यांची यादी केली तेव्हा साप, सरडे, कासवे, बेडूक आणि शार्कसारखे मासेही त्याने एकाच वर्गात टाकले. या प्राण्यांविषयी त्याला घृणा होती आणि ती त्याने लपवली नाही. पुढच्या पिढ्यांनी मासे काढले, बेडूक वेगळे केले. जे उरले ते सरीसृप. म्हणजे ज्यांच्या अंगावर पिसे नाहीत, केस नाहीत आणि जे पाण्यात कल्ल्यांनी श्वास घेत नाहीत, अशांचा हा गट. जे नाही त्यावरून बांधलेला वर्ग नाते सांगू शकत नाही. थॉमस हक्सलीला हे १८६० च्या दशकातच जाणवले होते. पक्षी आणि सरीसृप यांना त्याने एका मोठ्या गटात एकत्र आणले. पण या विचाराला शिस्त मिळाली ती विसाव्या शतकाच्या मध्याला, विली हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञामुळे. त्याचा नियम साधा आहे: गट म्हणजे एक पूर्वज आणि त्याचे सगळे वंशज, एकही न वगळता. परदेशी गेलेल्या धाकट्या भावाचे नाव वंशावळीतून खोडावे तसे पक्ष्यांचे झाले आहे. ते उडून गेले म्हणून घरचे राहिले नाहीत, असे म्हणता येत नाही.

मगरीपासून सुरुवात करतो, कारण सर्वांत मोठा कंस तिच्यासाठी आहे. चिपळूणच्या वाशिष्ठीत, महाडच्या सावित्रीत, सांगलीच्या कृष्णेत जी मगर आहे तिचे हृदय चार कप्प्यांचे, म्हणजे चिमणीसारखे आणि आपल्यासारखे. तिचे दात जबड्याच्या हाडातल्या खोबणीत बसलेले असतात, जसे डायनोसॉरचे होते. पालीचे दात तसे नसतात, ते जबड्याच्या कडेला चिकटलेले असतात. मगरीची पिले अंड्याच्या आतूनच आवाज देतात, आणि तो ऐकून आई घरटे उकरते. ज्या जबड्यात म्हशीचे रेडकू सापडले तर सुटत नाही, त्याच जबड्यात ती पिले अलगद धरून पाण्यात नेऊन सोडते आणि पुढे कित्येक दिवस त्यांची राखण करते. अंड्यातून हाक, आईचे उत्तर, घरट्याची राखण हे सगळे आपण कोंबडीकडे पाहतो तेव्हा नवल वाटत नाही. मगरीकडे पाहताना नवल वाटते, कारण आपण तिला पालीची थोरली बहीण समजून बसलो आहोत.

२०१० साली कोलीन फार्मर आणि केंट सँडर्स यांनी अमेरिकी अॅलिगेटर या मगरीच्या भाईबंदाच्या फुप्फुसांत हवा कशी फिरते ते मोजले. आपल्या फुप्फुसात हवा ज्या वाटेने आत जाते त्याच वाटेने बाहेर येते. पक्ष्यांच्या फुप्फुसात मात्र ती एकाच दिशेने वाहत राहते. अॅलिगेटरमध्येही तसाच एकेरी प्रवाह निघाला. त्यानंतर काही वर्षांतच आफ्रिकेतल्या एका घोरपडीच्या फुप्फुसातही असा प्रवाह सापडला, त्यामुळे ही रचना आधी वाटली त्याहून जुनी असू शकते. हे सांगणे भाग आहे, कारण नात्याचा निकाल एका अवयवावर लागत नाही. पण कवटी, दात, हृदय, घरटे आणि अलीकडे जनुके या सगळ्यांची साक्ष एकाच बाजूला पडते. मगर आणि पक्षी यांचे पूर्वज साधारण २५ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. मगरीचा वंश आणि पालीचा वंश त्याही आधी दुरावलेले आहेत. मगर पालीपेक्षा घारीच्या जवळची आहे.

कासवांची गोष्ट वेगळ्या प्रकारे अडचणीची आहे. त्यांची पाठ म्हणजे अंगावर चढवलेले चिलखत नव्हे. फासळ्या आणि मणके पसरून, एकमेकांना जुळून ती तयार झाली आहे. त्यामुळे कासवाच्या खांद्याचे हाड फासळ्यांच्या पिंजऱ्याच्या आत असते. पाठीचा कणा असलेल्या दुसऱ्या कोणत्याही प्राण्यात असे होत नाही. कवटीत डोळ्यांमागे सरड्याला, मगरीला जशी छिद्रे असतात तशी कासवाला नसतात, म्हणून कित्येक दशके त्याला सर्वांत प्राचीन, बाकीच्यांपासून आधीच फुटलेली शाखा मानले गेले. जनुकांच्या अभ्यासाने हे उलटवले. छिद्रे पुढे बुजली, मुळात ती होती, आणि कासवे मगरी-पक्ष्यांच्या बाजूला जाऊन बसली. चीनमध्ये सापडलेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या सुमारे २२ कोटी वर्षे जुन्या कासवाला पोटाखालचे कवच पूर्ण आहे, पाठीवरचे अजून अर्धवट. त्याच्या तोंडात दातही आहेत. म्हणजे कासवाचे बोळके तोंड हा नंतरचा बदल आहे. आज कासवांच्या साडेतीनशेच्या वर जाती आहेत, मगरींच्या मात्र तिसांच्याही आत.

उरलेला सगळा पसारा, सरीसृपांच्या सुमारे १२,००० जातींपैकी ११,००० हून अधिक, पाल-सरडे-सापांचा आहे. इथे जरा रेंगाळायला हवे, कारण आपल्या घरात, शेतात आणि भीतीत जे आहे ते हेच घराणे आहे.

या घराण्याची खूण जबड्यात आहे. जबडा जिथे कवटीला टांगलेला असतो तिथले हाड यांच्यात मोकळे, हलणारे असते. सापाने ही मोकळीक टोकाला नेली. त्याच्या खालच्या जबड्याचे दोन भाग हनुवटीशी हाडाने सांधलेलेच नसतात, अस्थिबंधाने जोडलेले असतात, म्हणून धामण आपल्या डोक्यापेक्षा जाड घूस गिळू शकते. दुसरी खूण कातडीची. कातडीचा वरचा थर ठरावीक काळाने सुटतो, सापाची तर अखंड कात निघते. तिसरी खूण नरात असते: प्रजननेंद्रियांची जोडी. या खुणेमुळे एक मोठा गुन्हा उघडकीला आला आहे. हत्ताजोडी नावाने, दुर्मीळ वनस्पतीचे मूळ म्हणून पूजेसाठी विकली जाणारी वस्तू प्रत्यक्षात घोरपडीच्या नराचे वाळवलेले इंद्रिय असते. २०१७ च्या सुमारास हा व्यापार मोठ्या प्रमाणावर समोर आला. घोरपडीला वन्यजीव कायद्याचे सर्वांत कडक संरक्षण असूनही तो चालत होता, कारण घेणाऱ्याला आपण एक प्राणी मारवला हे ठाऊकच नव्हते. ज्याला या घराण्याची शरीररचना माहीत आहे, त्याला ते मूळ दाखवून फसवता येत नाही.

साप आणि सरडे वेगळे, असे आपण सहज म्हणतो. पण सापांचा उगम सरड्यांच्या आतच झाला आहे. काही सरडे इतर सरड्यांपेक्षा सापांच्या अधिक जवळ आहेत. सापसुरळ्यांमध्ये पाय बारीक होत जाण्याचा आणि नाहीसे होण्याचा प्रकार कित्येकदा घडला. चिल्का सरोवरातल्या बारकुडा बेटावरून १९१७ साली वर्णन झालेली एक सापसुरळी पूर्ण बिनपायांची आहे, तरी ती साप नाही. अजगराच्या शेपटीच्या मुळाशी मागच्या पायांचे अवशेष काट्यांसारखे अजून दिसतात. पाय असणे-नसणे ही नात्याची खूण नव्हे. पिले देण्याचेही तेच. अंडी पोटात ठेवून पिले जन्माला घालण्याची रीत या घराण्यात शंभराहून अधिक वेळा स्वतंत्रपणे आली आहे. याउलट कासवे, मगरी आणि पक्षी यांच्यात आज एकही जात पिले देत नाही. घोणस अंडी घालत नाही हा कंसातला अपवाद वाटतो, पण तिच्या घराण्यात पुन्हा पुन्हा घडलेली ती गोष्ट आहे. कंस पुसून टाकला की हा प्रश्न विचारता येतो: हे घराणे इतक्या वेळा जे करू शकले ते मगरी-पक्ष्यांच्या घराण्याला आजवर का जमले नाही?

दोन घराणी एकाच दगडात सापडल्याचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले धनंजय मोहबे यांना १९८० च्या दशकात गुजरातमधल्या ढोली डुंगरी इथे डायनोसॉरची अंडी आणि त्यांच्याजवळ बारीक हाडे असलेला एक दगड मिळाला. सगळी हाडे अंड्यातून निघालेल्या डायनोसॉरच्या पिलाची आहेत असे तेव्हा वाटले. २००१ साली मिशिगन विद्यापीठाचे जेफ्री विल्सन यांनी तो दगड पाहिला आणि काही मणक्यांवर त्यांची नजर थांबली. सापाच्या मणक्यांना एकमेकांत अडकणारे जादा सांधे असतात, आणि ते तिथे होते. दगड साफ केल्यावर दिसले ते असे: सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप एका अंड्याभोवती वेटोळे घालून आहे आणि शेजारी अर्ध्या मीटरचे पिलू आहे. वय ६ कोटी ७० लाख वर्षे. २०१० साली हा शोध प्रसिद्ध झाला. आजच्या अजगराइतका मोठा आ या सापाला वासता येत नव्हता. म्हणून अंडे नव्हे, नुकते बाहेर आलेले पिलूच त्याचे भक्ष्य असावे.

जुन्या वर्गीकरणाने पाहिले तर या दगडात एक सरीसृप दुसऱ्या सरीसृपाला खायला टपला आहे, एवढेच कळते. नात्याने पाहिले तर दोन बाजूंमधले अंतर दिसते. वेटोळे घातलेल्याचे आजचे आप्त आपल्या भिंतीवरची पाल आणि बांधावरची नानेटी. पिलाचे आप्त मगर आणि कावळा. दोन्ही बाजूंचा समान पूर्वज या प्रसंगाच्याही आधी जवळपास वीस कोटी वर्षे होऊन गेला होता.

चौथे घराणे एकाच जातीवर उभे आहे. न्यूझीलंडच्या तुआताऱ्याला ब्रिटिश म्युझियमच्या जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८३१ साली सरड्यांत गणले, आणि दिसतोही तो सरड्यासारखाच. १८६७ साली त्याच संग्रहालयातल्या आल्बर्ट गुंथर यांनी त्याचा सांगाडा नीट तपासला. गुंथर यांचा ब्रिटिश भारतातल्या सरीसृपांवरचा ग्रंथ तीनच वर्षांपूर्वी आला होता, म्हणजे आपले सरडे त्यांच्या डोळ्यांखालून गेले होते, आणि म्हणूनच त्यांना फरक दिसला असे मला वाटते. तुआताऱ्याच्या वरच्या जबड्यात दातांच्या दोन रांगा असतात, खालची एक रांग त्यांच्या मधोमध बसते. दात जबड्याच्या हाडाशी एकजीव असतात, झिजले की पुन्हा येत नाहीत. कवटीच्या छिद्रांभोवतीच्या दोन्ही हाडांच्या पट्ट्या शाबूत. सरड्यासारखी प्रजननेंद्रियांची जोडी नाही. २०२० साली त्याचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा सरड्या-सापांपासून त्याची वाट सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाल्याचे दिसले. त्याला सरडाच समजत राहिलो असतो तर एक जात गेली असे म्हणून आपण पुढे गेलो असतो. ते एक अख्खे घराणे आहे हे कळल्यामुळे न्यूझीलंडने उंदीर संपवून बेटे मोकळी केली, अंडी प्रयोगशाळेत उबवली. इन्व्हरकार्गिलच्या संग्रहालयातला हेन्री नावाचा तुआतारा २००९ साली, वयाच्या सुमारे १११ व्या वर्षी बाप झाला, ती याच धडपडीतली गोष्ट.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मी गांभीर्याने घेतो. नाते काहीही असो, या सगळ्यांचे जगणे सारखे आहे, सकाळी उन्हात येणे, थंडीत मंदावणे, थोड्या अन्नावर कित्येक दिवस काढणे. मग मुलांना हा एक गट म्हणून शिकवला तर बिघडले काय? शीतरक्तीपणा ही खरोखरच त्यांची सर्वांत मोठी समान गोष्ट आहे. पण तीही वाटते तितकी एकसंध नाही. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून स्नायूंना आचके देत राहते आणि अंडी उबदार ठेवते. चर्मपाठी समुद्रकासव थंड पाण्यातही आपले शरीर कितीतरी अंश गरम राखते. दक्षिण अमेरिकेतला तेगू सरडा विणीच्या हंगामात रात्री बिळाच्या तापमानापेक्षा दहा अंशांपर्यंत गरम राहतो, हे २०१६ साली मोजले गेले. आणि मगरीचे चार कप्प्यांचे हृदय पाहून तिचे पूर्वज उष्णरक्ती असावेत असे काही शास्त्रज्ञ मांडतात. हे खरे ठरले तर मगरीचा थंडपणा पालीच्या थंडपणासारखा वडिलोपार्जित नाही, तो नंतर स्वीकारलेला आहे. राहणीचे साम्य शिकवावे, जरूर शिकवावे. वटवाघूळ आणि पाकोळी दोन्ही उडतात हे आपण शिकवतोच, पण त्यांना एका वर्गात घालत नाही.

सरसकट गट मानण्याची सवय खाली झिरपत जाते, आणि तिचा शेवट काठीने होतो. सगळे सरीसृप एक, मग सगळे साप एक, मग सगळे साप विषारी. महाराष्ट्रात माणसांच्या मृत्यूला मुख्यत्वे चार साप कारण ठरतात: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. आपल्याकडची सर्पदंशावरची लस याच चौघांच्या विषावर बनते. हे चौघेही एका कुळातले नाहीत. नाग आणि मण्यार एका कुळातले, त्यांचे विष मुख्यतः मज्जासंस्था बंद पाडते. घोणस आणि फुरसे दुसऱ्या कुळातले, त्यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. दंश झालेल्याच्या पापण्या मिटू लागल्या आहेत की हिरड्यांतून रक्त येते आहे, यावरून डॉक्टर कुळ ओळखू शकतो. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे मेली असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. मरणारे बहुतेक शेतात राबणारे आणि जमिनीवर झोपणारे. त्यांना साप नावाच्या एका शत्रूची भीती शिकवून उपयोग नाही. मण्यार रात्री घरात शिरते म्हणून अंथरूण खाटेवर आणि मच्छरदाणीत हवे; घोणस पिकात निपचित पडून राहते म्हणून कापणीला पायात बूट हवेत. आणि उंदीर खाणारी धामण, घोणशीसारखी दिसणारी बिनविषारी डुरक्या घोणस, शेपूट बोथट म्हणून दोन तोंडांचे ठरवून चोरबाजारात विकले जाणारे मांडूळ, ही सगळी आपल्या अज्ञानाने मरतात.

सरड्यांकडे तर आपण पाहतही नाही. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर गळ्याखाली निळा-काळा-केशरी पंखा उघडणारा सरडा राहतो. २०१६ साली त्याच्यासाठी वेगळी प्रजाती मानली गेली तेव्हा तिला सरडा हेच मराठी नाव मिळाले. या पठारावर पवनचक्क्या आहेत. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी २०१८ साली दाखवले, की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी खूप कमी झाले आणि या सरड्यांची संख्या वाढली. ते कमी बिचकू लागले, नरांचे रंगही फिके झाले. सरड्यांची संख्या वाढली म्हणजे सगळे ठीक, असा निष्कर्ष तिथे काढता येत नाही. त्या सरड्याचे त्याच्या शिकाऱ्याशी काय चालले आहे ते पाहावे लागते.

तापमानवाढीच्या प्रश्नावर हा भेद सर्वांत स्पष्ट होतो. समुद्रकासवाच्या अंड्यात नर की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरते: ऑलिव्ह रिडलेच्या घरट्यात २९-३० अंशांच्या वर माद्या वाढत जातात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांच्या पिलावळीत ९९ टक्के माद्या आढळल्या, असे २०१८ च्या अभ्यासाने दाखवले. तुआताऱ्यात उलटे, साधारण २२ अंशांच्या वर नर वाढतात. आपल्या मगरीचा नियम तिसराच. मद्रास क्रोकोडाइल बँकेतल्या अंड्यांवर झालेल्या अभ्यासात २८ ते ३१ अंशांना सगळ्या माद्या आणि साडेबत्तीसच्या सुमारास नर निघाले. नागात आणि घोणशीत तापमानाचा या गोष्टीशी संबंध नाही, तिथे पक्ष्यांप्रमाणे आईकडून येणारे गुणसूत्र ठरवते. एकच उन्हाळा चार घराण्यांना चार प्रकारे लागतो.

म्हणून संरक्षणही एका साच्यातले चालत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला भाऊ काटदरे आणि सह्याद्री निसर्ग मित्र यांनी २००२ पासून ऑलिव्ह रिडलेची घरटी जपण्याचे काम उभे केले. तिथे अंडी कुत्र्या-कोल्ह्यांपासून वाचवणे हा पहिला टप्पा होता. आता किनाऱ्यावरच्या प्रत्येक हॅचरीत वाळूच्या आत, अंड्यांच्या खोलीवर तापमापक हवा, आणि गरज पडेल तिथे सावलीही. मगरीला वेगळेच हवे: पुराच्या रेषेवर उरलेला मातीचा काठ, जिथे ती खड्डा करून अंडी घालू शकेल. आणि वाळूउपशात आधी तोच जातो. घोरपडीला हवे ते बाजारातल्या हत्ताजोडीवर छापा घालणारे आणि ती ओळखू शकणारे वनखाते. चांदणी कासवाला २०१९ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीचे सर्वांत वरचे संरक्षण आहे, तरी शुभ म्हणून ते घरात ठेवले जाते. त्याला हवा आहे तो घेणाऱ्याचा नकार.